लाइपझिगचं वेव्ह-गोटिक-ट्रेफन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेव्ह-गोटिक-ट्रेफन हा जर्मनीतल्या लाइपझिग शहरात दरवर्षी भरणारा गॉथ संगीताचा उत्सव. जर्मनीत शिकायला आलेली मुलं, पुण्या-मुंबईहून येऊ पाहणारे संगीतवेडे आणि "आमची मुलगी नेमकी कुठे चाललीय?" म्हणून काळजीत पडलेले आईवडील, या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी लाइपझिगजवळ राहते आणि वर्षातले हे चार दिवस मला फार जवळचे आहेत, त्यामुळे उत्तरांत माझी मतंही आली आहेत. एखाद्या गोष्टीचा खुलासा दुसरीकडे असेल तर तिथला प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. गॉथ म्हणजे काळे कपडे घालणारे लोक, एवढंच ना?

नाही. आधी संगीत आलं, कपडे मागून आले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पंकचा, म्हणजे रांगड्या, वेगवान रॉक संगीताचा, पहिला भर ओसरत होता. तेव्हा काही बँडनी त्यातला रांगडेपणा ठेवला, पण चाल संथ केली, बेस गिटार पुढे आणली आणि आवाजात एक घुमणारी पोकळी निर्माण केली. नॉर्दम्प्टनच्या बाउहाउसचं 'बेला लुगोसीज डेड' हे नऊ मिनिटांहून लांब गाणं १९७९ मध्ये आलं, आणि बहुतेक जण गॉथ संगीताची सुरुवात तिथून धरतात. सूझी अँड द बॅनशीज, द क्युअर आणि जॉय डिव्हिजन त्याच काळातले. लीड्सच्या सिस्टर्स ऑफ मर्सीकडे तर ड्रमवर माणूसच नव्हता, ड्रम मशीन होतं. त्या यंत्राला त्यांनी 'डॉक्टर ॲव्हलांच' असं नाव देऊन बँडचा सदस्यच करून टाकलं.

१९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात 'बॅटकेव्ह' नावाचा क्लब सुरू झाला. तिथे जमणाऱ्या मुलामुलींचा पेहराव, विस्कटलेले उभे केस, जाळीचे मोजे, डोळ्यांभोवतीचं गडद काजळ, हे सगळं मग जगभर पसरलं. काळे कपडे न घालता हे संगीत जिवापाड ऐकणारी माणसं मला माहीत आहेत. मी त्यांना गॉथच म्हणते.

२. वेव्ह-गोटिक-ट्रेफन कधी असतं, कुठे असतं, किती मोठं असतं?

जर्मनीच्या पूर्वेला, सॅक्सनी राज्यातल्या लाइपझिग शहरात, दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सुट्टीत, शुक्रवार ते सोमवार. जर्मनीत या सणाला फिंगस्टन म्हणतात. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी तो येत असल्याने तारखा दरवर्षी बदलतात: २०२६ मध्ये २२ ते २५ मे, २०२७ मध्ये १४ ते १७ मे. बोलताना सगळे 'डब्ल्यूजीटी' म्हणतात, जर्मन लोक 'वे-गे-टे'.

साधारण वीस हजारांच्या आसपास लोक येतात आणि दीडशेहून जास्त बँड वाजवतात. पण एका मैदानावर दोन-तीन मोठे मंच, असं याचं स्वरूप नाही. अख्खं शहर हाच मांडव. दक्षिणेच्या टोकाला आग्रा नावाचं जुनं प्रदर्शन मैदान आहे, तिथे मोठा हॉल, बाजार आणि तंबूंची वस्ती. क्लारा झेटकिन उद्यानात खुला मंच. कॉनेविट्झ भागात 'वेर्क २' हा जुना कारखाना, प्लागविट्झमध्ये फेल्सनकेलर आणि टॉयब्शनटाल. भर शहरात मोरिट्झबास्टाय हे सोळाव्या शतकातल्या तटबंदीचं भुयार आहे. ते १९७० च्या दशकात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी स्वतः राबून मलब्याखालून मोकळं केलं, आणि त्या विद्यार्थ्यांत पुढे जर्मनीच्या चॅन्सेलर झालेल्या अँगेला मेर्केलही होत्या. नाट्यगृह आणि ऑपेराचाही कार्यक्रमात वाटा असतो.

पुण्यात गणपतीच्या दिवसांत रात्रभर एका देखाव्यापासून दुसऱ्याकडे चालत जायची सवय असेल, तर या उत्सवाची लय तुम्हाला लगेच कळेल. रस्ताही कार्यक्रमाचाच भाग असतो.

३. लाइपझिगच का? हे तर इंग्लंडमधलं संगीत ना?

मला सगळ्यात जास्त आवडणारा प्रश्न हा.

१९८० च्या दशकात लाइपझिग पूर्व जर्मनीत होतं. पश्चिमेकडच्या रेडिओवरून हे संगीत भिंतीपलीकडे पोचत होतं. तिथल्या गॉथ मुलांना लोक 'ग्रुफ्टी' म्हणत. दुकानात काळे कपडे मिळत नसत, म्हणून जुनी वस्त्रं रंगवून, उसवून, पुन्हा शिवून पेहराव तयार व्हायचा. रेकॉर्ड मिळत नसत, म्हणून कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून गाणी हातोहात फिरायची. सरकारला या मुलांचा संशय होता. श्टाझी या गुप्तचर खात्याने तरुणांच्या गटांची जी टिपणं बनवली त्यात पंक, स्किनहेड, हेवी मेटलवाले यांच्याबरोबर ग्रुफ्टींचाही रकाना होता. १९८० च्या दशकाच्या शेवटी पोट्सडामला गॉथ मुलांनी एकत्र जमण्याचा प्रयत्न केला, पण तशा जमण्याला परवानगी नव्हती.

१९८९ मध्ये याच लाइपझिगमध्ये निकोलाय चर्चपासून सोमवारचे मोर्चे निघाले आणि त्या वर्षअखेरीपर्यंत बर्लिनची भिंत उघडली. १९९२ मध्ये कॉनेविट्झच्या आइसकेलर क्लबमध्ये पहिलं वेव्ह-गोटिक-ट्रेफन भरलं. दोन दिवस, मोजके बँड, सुमारे दोन हजार माणसं.

म्हणून मी सांगते की हा उत्सव मुळात मैफलींसाठी जन्मला नाही. ज्यांना एकत्र उभं राहायला मनाई होती त्यांनी एकमेकांना भेटण्यासाठी तो सुरू केला. आजही इथे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण चार दिवसांत दोन-तीनच बँड ऐकतात आणि बाकीचा वेळ जुन्या मित्रांबरोबर गवतावर बसून काढतात. त्यांचे पैसे वाया गेले असं मला कधीच वाटत नाही.

४. २००० साली उत्सव बुडाला होता, हे खरं का?

आयोजक बुडाले, उत्सव नाही. त्या वर्षी पसारा फार वाढला होता: सुमारे तीनशे बँडची घोषणा, पंचवीस हजारांच्या घरात गर्दी. उत्सव चालू असतानाच पैसे संपले. पैसे मिळणार नाहीत हे कळल्यावर सुरक्षारक्षक निघून गेले, बरेच कार्यक्रम रद्द झाले. एवढ्या गर्दीत तोडफोड होऊ शकली असती. पण काही कलाकार मानधनाशिवाय मंचावर गेले, स्वयंसेवक आणि प्रेक्षकांनी व्यवस्था हातात घेतली आणि लोक शांततेत घरी गेले. पुढच्या वर्षी नव्या व्यवस्थापनाखाली उत्सव पुन्हा भरला. त्यानंतर खंड पडला तो २०२० आणि २०२१ मध्ये, कोविडमुळे.

५. सगळं संगीत रडकं असतं का? मला नाचायला आवडतं.

मग तुमचे पाय दुखेपर्यंत सोय आहे. गॉथ रॉक आणि डार्कवेव्ह (सिंथेसायझरवरचं, उदास सुरांचं संगीत) हा गाभा झाला. त्याच्या शेजारी ईबीएम, म्हणजे बेल्जियमच्या फ्रंट २४२ सारख्या बँडनी घडवलेलं, कवायतीच्या ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक संगीत. मग इंडस्ट्रियल, नुसता यंत्रांचा खणखणाट वाटावा असं. मध्ययुगीन वाद्यांवरचं संगीत हा जर्मनीचा खास प्रकार: कोर्वुस कोराक्सची मंडळी बॅगपाइप आणि भलेमोठे ढोल घेऊन उभी राहतात. डास इश आणि ग्योटेस एर्बन या बँडनी जर्मन भाषेत मृत्यूवरची नाट्यमय कविता गाण्यात आणली. शिवाय नियोफोक (लोकसंगीतावर बेतलेलं गंभीर संगीत), शास्त्रीय मैफली, पियानोवादन.

नव्याने येणाऱ्यांना मी एक आग्रह करते. तुर्कस्तानच्या शी पास्ट अवे बँडचे शब्द तुर्की आहेत, बेलारूसचा मोल्चात दोमा रशियनमध्ये गातो, आणि जगभरातली गर्दी ती गाणी तोंडपाठ म्हणते. इंग्रजीशिवाय या संगीतात जागा नाही असं समजणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींनी हे जरूर ऐकावं. मराठीतून डार्कवेव्ह कुणी करत असेल तर मला ऐकायची फार इच्छा आहे.

६. तिकिटाची पद्धत कशी असते?

चारही दिवसांचं एकच तिकीट. लाइपझिगला पोचलात की ते दाखवून मनगटावर कापडी पट्टा बांधून घ्यायचा. तो पट्टा म्हणजेच प्रवेश. उत्सवाच्या सगळ्या ठिकाणी तो चालतो, काही संग्रहालयांतही, आणि उत्सवाच्या काळात शहरातल्या ट्राम-बसमध्ये वेगळं तिकीट लागत नाही. आग्राकडे ११ नंबरची ट्राम जाते. रात्री उशिरा तिच्यात चढलात की मखमली झगे, खिळ्यांचे पट्टे आणि झोपाळू चेहरे यांनी डबा खच्चून भरलेला असतो.

आग्राच्या मैदानात तंबू टाकायचा असेल तर 'ओब्सोर्गेकार्टे' नावाचं वेगळं कार्ड तिकिटाबरोबर घ्यावं लागतं. हॉटेलात राहणार असाल तर गरज नाही, पण हॉटेलं महिनोन्महिने आधी भरतात. जवळच्या हाले शहरात खोली घेऊन लोकल गाडीने ये-जा करणं हा चांगला मार्ग आहे.

'फिंगस्टबोटे' ही जाडजूड कार्यक्रम पुस्तिका घ्यायला विसरू नका. एकेका बँडबद्दल मन लावून लिहिलेलं असतं.

७. तिकीट घेणं परवडत नाही. तरी यावं का?

जरूर या. शुक्रवारी दुपारी क्लारा झेटकिन उद्यानात व्हिक्टोरियन पिकनिक भरते. ती काही चाहत्यांनी आपल्या हौसेने सुरू केली, तिला तिकीट नाही. लोक चांदीची भांडी, लेसचे रुमाल, मेणबत्त्यांचे झुंबर घेऊन येतात आणि हिरवळीवर पंगत मांडतात. अलीकडे बघ्यांची आणि कॅमेऱ्यांची गर्दी इतकी झाली आहे की खरोखर पिकनिक करणाऱ्यांना बसायला जागा उरत नाही, म्हणून जुनी मंडळी कोपऱ्यात सरकली आहेत. तुम्ही गेलात तर सतरंजी आणि खाऊ घेऊन बसा, नुसते घिरट्या घालू नका.

डोलिट्झच्या जुन्या वेशीजवळ 'पेगन गाव' (पेगन म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या जुन्या श्रद्धा मानणारे) उभं राहतं: लोहार, चामड्याचं काम करणारे, मधाची दारू, भट्टीतला पाव, मध्ययुगीन वाद्यवृंद. तिथे एका दिवसाचं वेगळं तिकीट मिळतं, त्यासाठी चार दिवसांचं तिकीट असायची गरज नाही.

८. भारतातून यायचं तर व्हिसा कोणता आणि कधी काढायचा?

शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, पर्यटक व्हिसा. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो. निर्णयाला नियमाने पंधरा दिवस लागतात, पण मे-जून हा भारतातल्या सुट्ट्यांचा हंगाम असल्याने मुलाखतीची वेळ मिळणं हीच खरी अडचण असते. जानेवारी-फेब्रुवारीतच वेळ घ्या. शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास वैद्यकीय विमा सक्तीचा. प्रवासाच्या हेतूत 'संगीत महोत्सव' असं सरळ लिहा आणि तिकिटाची प्रत जोडा. लपवण्यासारखं यात काहीच नाही.

जर्मनीत किंवा दुसऱ्या शेंगेन देशात राहण्याचा परवाना असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. लंडन किंवा लेस्टरला राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या मंडळींनी मात्र लक्षात ठेवा: ब्रिटनचा परवाना इथे चालत नाही.

थेट लाइपझिगच्या विमानाचा हट्ट धरू नका. बर्लिनला उतरलात तर वेगवान गाडीने सव्वा तासात पोचता.

९. घालायचं काय? माझ्याकडे कॉर्सेट वगैरे काही नाही.

काळा टी-शर्ट, काळी पँट, चालायला बरे बूट. एवढ्यावर कुणी तुम्हाला अडवणार नाही. आयोजकांनी पेहरावाची सक्ती ठेवलेली नाही.

हौस असेल तर मात्र आपल्या घरातल्या कपाटाकडे बघा. संक्रांतीला नेसायची चंद्रकळा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. काळं अशुभ म्हणणाऱ्या घरातही त्या दिवशी काळं नेसतात, त्यावर हलव्याचे दागिने घालतात. काळी इरकल, चांदीचे ऑक्सिडाइज्ड दागिने, बुगड्या, मोठी नथ हे सगळं इथे शोभून दिसतं. लोक कौतुकाने विचारतात, कापडाला हात लावून बघू का म्हणतात. "आपली संस्कृती तिथे नेऊन थट्टा तर होणार नाही ना?" असंही मला विचारलं जातं. तुमची साडी तुम्ही नेसताय, त्यात थट्टा कसली. परकी वेशभूषा दागिन्यासारखी वापरायचा प्रश्न दुसऱ्यांसाठी आहे, आणि टिकल्या लावून फिरणारे गॉथ दिसले तर त्यांच्याशी बोला. बहुतेक जण मनापासून ऐकून घेतात.

एक व्यावहारिक गोष्ट: मे महिना असला तरी रात्री पारा दहा अंशांच्या खाली जाऊ शकतो. साडीवर शाल हवीच.

१०. माझा रंग सावळा आहे. गॉथ लोक तर पांढरेफटक दिसतात. मी विचित्र दिसेन का?

नाही. आणि कृपा करून चेहऱ्यावर पांढरी पावडर थापू नका. फिकट चेहऱ्याची फॅशन जिथून आली तिथल्या लोकांची कातडी मुळातच फिकट होती. सावळ्या त्वचेवर पांढऱ्या थराने राखाडी झाक येते आणि डोळ्यांचं सौंदर्य बुडतं. आपल्या रंगावर खोल मरून, जांभळा, मोरपंखी, जुन्या सोन्याचा रंग अप्रतिम खुलतो. काजळ भरपूर लावा. ओठ काळे करण्यापेक्षा जांभळाच्या डागासारखा गडद रंग लावून बघा.

गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती बघत वाढलेल्या मुलीला, गॉथ व्हायला गोरं असावं लागतं असं वाटणं, हे मला फार लागतं. जगभरात काळे, तपकिरी गॉथ आहेत, त्यांच्या मेकअपचे व्हिडिओ शोधा. तेच तुमचे गुरू.

११. फोटो काढले तर चालतात का?

विचारून काढा. रस्त्यावर सजून चालणारी बहुतेक माणसं हसत उभी राहतात, पण खाताना, बसून रडताना, मुलाला पाजताना नाही. जर्मन कायद्यात स्वतःच्या छायाचित्रावर माणसाचा हक्क असतो: ओळखू येईल असा फोटो त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. म्हणजे काढायला हो म्हटलं तरी इन्स्टाग्रामवर टाकायचं का, हे वेगळं विचारा.

दक्षिण स्मशानभूमीत, म्हणजे झ्यूडफ्रीडहोफमध्ये, उत्सवाच्या दिवसांत बरेच जण जातात. नेपोलियनविरुद्धच्या 'राष्ट्रांच्या लढाई'च्या ९१ मीटर उंच स्मारकाशेजारची ही जागा अतिशय देखणी आहे, मार्गदर्शकासह फेऱ्याही असतात. पण तिथे आजही दफनविधी होतात. समाधीवर बसून, टेकून, आडवं होऊन फोटो काढणं हा कुणाच्या तरी दुःखाचा अपमान आहे. इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या (प्रश्न १९ पाहा) चर्चच्या आवारातही याच कारणावरून गावकऱ्यांची मनं दुखावली होती.

१२. (आईवडिलांकडून) हे लोक सैतानाची पूजा करतात का?

नाही हो. गॉथ हा धर्म नाही आणि कुठल्या धर्माच्या विरोधातही नाही. यात ख्रिस्ती आहेत, नास्तिक आहेत, पेगन आहेत, आणि देवघरात रोज दिवा लावणारी मीही आहे. क्रूस, वटवाघूळ, कवट्या ही चिन्हं मृत्यूबद्दल न घाबरता बोलण्यासाठी आहेत. आपल्याकडे अभंगांतून देह नाशिवंत असल्याचं किती उघडपणे सांगितलं आहे, ते आठवून बघा.

तुमच्या मुलीला हे संगीत आवडतं म्हणजे ती निराश आहे असंही समजू नका. आणि ती खरोखर निराश असेल, तर काळ्या कपड्यांवर बंदी घालून ते बरं होणार नाही. तिच्याशी बोला, गरज वाटली तर डॉक्टरांकडे न्या. गाणी तिची सोबत असतील, ती काढून घेऊ नका.

१३. मुलगी एकटी आली तर सुरक्षित आहे का?

मोठ्या फुटबॉल सामन्यापेक्षा किंवा बिअर महोत्सवापेक्षा इथली गर्दी मला नेहमीच सौम्य वाटली आहे. धक्का लागला तर लोक माफी मागतात. तरीही कुठल्याही मोठ्या शहरात घ्यायची ती काळजी घ्या: पेल्यावर लक्ष, रात्रीच्या ट्रामची वेळ माहीत असणं, मैत्रिणीला ठावठिकाणा कळवणं. कुणी त्रास दिला तर जवळच्या स्वयंसेवकाला किंवा बारवरच्या माणसाला सांगा.

गॉथ लोकांकडून धोका असण्यापेक्षा त्यांनाच धोका असल्याचं या समाजाने भोगलं आहे. ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडच्या लँकशायरमधल्या बेकप गावात सोफी लँकेस्टर आणि तिच्या मित्रावर बागेत टोळक्याने हल्ला केला, केवळ ते वेगळे दिसत होते म्हणून. वीस वर्षांची सोफी काही दिवसांनी गेली. तिच्या आईने तिच्या नावाने संस्था उभी केली आणि शाळाशाळांतून जाऊन मुलांशी बोलत राहिली. २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा वेगळ्या पेहरावाच्या लोकांवरचे हल्ले द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली. ब्लडस्टॉक या मेटल महोत्सवात सोफीच्या नावाचा मंच आहे. लाइपझिगमध्ये चार दिवस कुणी वळून वाकडं बघत नाही, याची किंमत ज्यांना रोज बघितलं जातं त्यांना विचारा.

१४. शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं. आग्राच्या आणि पेगन गावाच्या टपऱ्यांवर फलाफल, बटाट्याचे प्रकार, लांगोश (तळलेली हंगेरियन पोळी), भाज्यांचे पाव असतात, वीगनही बरंच. अडचण वेगळीच आहे: पेंटेकॉस्टचा रविवार आणि सोमवार दोन्ही दिवस सुपरमार्केट बंद. शनिवारी संध्याकाळीच फळं, पाव, दही घेऊन ठेवा. नाहीतर मुख्य रेल्वे स्थानकातली काही दुकानं उपयोगी पडतात. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं. टपऱ्यांसाठी रोख युरो जवळ ठेवा, आणि पेल्याची अनामत परत घ्यायला विसरू नका.

१५. लहान मूल घेऊन आलं तर?

पुष्कळ जण येतात. १९९२ ची पिढी आता आजीआजोबा होऊ लागली आहे. बाबागाड्यांनाही काळ्या लेसच्या झालरी असतात. मुलांसाठी पेगन गाव आणि उद्यान उत्तम. बंद हॉलमध्ये नेणार असाल तर कानांवर जाड संरक्षक हवेच. मोठ्यांनीही इअरप्लग लावावेत, गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

१६. माझ्या गळ्यात स्वस्तिकाचं लॉकेट असतं. ते चालेल का?

हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडतो आणि त्याचं उत्तर नीट समजून घ्या. जर्मन दंडविधानाच्या कलम ८६अ नुसार नाझी चिन्हं सार्वजनिक ठिकाणी दाखवणं गुन्हा आहे. हिंदू, बौद्ध, जैन धर्माचरणातलं स्वस्तिक हे या कायद्याचं लक्ष्य नाही. पण काळे कपडे, लष्करी बूट आणि गळ्यात स्वस्तिक असं दृश्य रात्री अकरा वाजता पोलिसाला दिसलं तर तो त्याचा काय अर्थ लावेल, याचा विचार करा. शिवाय बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या पणजोबांना त्या चिन्हाखाली मारलेलं असू शकतं. लॉकेट कपड्यांच्या आत ठेवा किंवा ओम घाला. आपल्या श्रद्धेला त्याने धक्का लागत नाही.

१७. उत्सवात उजव्या अतिरेक्यांचे बँड असतात असं ऐकलं. खरं आहे?

ही टीका जुनी आहे आणि ती निराधार नाही. नियोफोक आणि मार्शल इंडस्ट्रियल (लष्करी ढोल-कवायतीच्या धाटणीचं संगीत) या प्रकारांतले काही बँड गणवेश, रुन (प्राचीन जर्मानिक) अक्षरं आणि युद्धाची प्रतिमा वापरतात. त्यातले काही म्हणतात की हे केवळ कलेसाठी, काहींची विचारसरणी खरोखरच संशयास्पद आहे. ब्रिटनच्या डेथ इन जून या बँडवरून जर्मनीत वर्षानुवर्षं वाद झाले आहेत, आणि लाइपझिगच्या फासीवादविरोधी गटांनी काही बँडना बोलावल्याबद्दल आयोजकांना जाब विचारला आहे.

माझं मत स्पष्ट आहे: अंधाराबद्दल गाणं वेगळं, आणि माणसांना अंधारात ढकलणाऱ्यांना सजवून मंचावर आणणं वेगळं. बहुतांश गर्दी याच मताची आहे. एखाद्या बँडबद्दल शंका असेल तर आधी वाचा, आणि त्या वेळी दुसऱ्या हॉलमध्ये जा. नेहमीच दुसरं काहीतरी चांगलं चालू असतं.

१८. पेहरावाचा भाग म्हणून खंजीर किंवा तलवार आणता येईल का?

खरी नाही, बोथट असली तरी नाही. जर्मन कायद्याने सार्वजनिक उत्सवांत शस्त्रं आणि चाकू यांना मनाई आहे, आणि अलीकडे हे नियम आणखी कडक झाले आहेत. पेगन गावातले खेळ करणारे लोक परवानगीने शस्त्रं वापरतात, त्यांचं बघून आपण करू नये. लांब टोकदार खिळ्यांचे पट्टेही गर्दीच्या हॉलमध्ये दारावर काढून ठेवायला सांगतात. कट्यार घरीच राहू द्या.

१९. पेंटेकॉस्टला सुट्टी मिळत नाही. दुसरे कुठले उत्सव आहेत?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबी गॉथ वीकेंड आहे, १९९४ पासूनचा. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युला याच बंदरात उतरतो. तिथल्या १९९ पायऱ्या चढून भग्न मठापाशी उभं राहणं हा वेगळाच अनुभव आहे, आणि गाव लहान असल्याने ओळखी पटकन होतात. जर्मनीत हिल्डेसहाइमच्या विमानतळ मैदानावर ऑगस्टमध्ये मेरा लूना भरतो (२००० पासून), तो मोठ्या मंचांचा, नेहमीच्या महोत्सवासारखा. कोलोनमध्ये ऱ्हाइनकाठी जुलैत आम्फी. पोलंडच्या बोलकुफ गावात किल्ल्याच्या आवारात कॅसल पार्टी, जुलैतच. ती या सगळ्यांत माझी दुसऱ्या क्रमांकाची आवडती: किल्ला खरा आहे, गावकरी प्रेमळ आहेत आणि खर्च जर्मनीपेक्षा कमी येतो. पासपोर्ट-व्हिसाच्या बाबतीत प्रश्न ८ पाहा. पोलंडही शेंगेनमध्येच आहे, ब्रिटन नाही.

२०. आणि महाराष्ट्रात?

फक्त गॉथसाठीचा, दरवर्षी भरणारा मोठा महोत्सव आपल्याकडे नाही. मुंबईत १९८६ पासूनची 'इंडिपेंडन्स रॉक'ची परंपरा आहे, पुण्याने २०१० पासून 'एनएच७ वीकेंडर' हा संगीत महोत्सव पाहिला, मेटलचे छोटे कार्यक्रम होत असतात आणि त्यांच्या गर्दीत गॉथ मंडळी सापडतात. २२ मे हा जागतिक गॉथ दिन मानला जातो. त्या दिवशी चार जणांनी एखाद्या कॅफेत जमून गाणी लावली तरी सुरुवात झाली. त्याला लाइपझिगच्या तिकिटाची गरज नाही.

२१. मनगटावर पट्टा असूनही दारातून परत पाठवलं, असं कसं?

हा सगळ्यांत जास्त चिडचिड करणारा प्रसंग आणि तो जवळजवळ प्रत्येकावर येतो. पट्टा सगळ्या ठिकाणी चालतो, पण प्रत्येक जागेची क्षमता ठरलेली असते. मोरिट्झबास्टायच्या भुयारात किंवा नाट्यगृहात जागा संपली की अग्निसुरक्षेच्या नियमाने दार बंद होतं. आतला एक बाहेर आला की बाहेरचा एक आत. दारावरच्या माणसाशी भांडून उपयोग नाही.

ज्या बँडसाठी एवढ्या लांबून आलात, त्याच्या आधीच्या बँडपासूनच त्या हॉलमध्ये जाऊन बसा. अनोळखी आधीचा बँड कित्येकदा रात्रीचा सर्वांत चांगला निघतो. दोन आवडते बँड एकाच वेळी शहराच्या दोन टोकांना असतील तर एक सोडा, कारण ट्रामने आग्राहून प्लागविट्झला जाता जाता दोन्ही निम्मे हुकतात. आणि दार बंद असेल तर पंधरा-वीस मिनिटं रांगेत थांबून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यानंतर बरेच जण दुसरीकडे जायला बाहेर पडतात.